जुनी छोटी गाडी किती भरवशाची? कतारगाम ते खान्देश रस्त्यावरचा पूर्ण हिशेब

सुरत : आखाजी जवळ आली की कतारगाम, वेड रोड, उधना, लिंबायत भागातल्या सोसायट्यांत कव्हरखाली झाकलेल्या छोट्या गाड्या बाहेर निघतात. हवा भरली जाते, बॅटरी चार्जिंगला लागते आणि पहाटेच बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरच्या दिशेने प्रवास सुरू होतो. यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या असतात. अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-10, क्वचित अजून धडधाकट असलेली मारुती 800. नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही आणि पाच जणांचं बसभाडं आणि सामान यांचा मेळ बसत नाही, म्हणून कारागीर कुटुंबं ही गाडी घेतात.

हिरे उद्योगात 2022 नंतर मंदीचे दिवस आल्यापासून कतारगामसारख्या भागात घरखर्चाचा हात आखडता झाला आहे. अशा वेळी लाखभर रुपयांत गाडी मिळते हे खरं. पण त्याच गाडीने घाटात इंजिन बसवलं, किंवा नोंदणीच्या कागदात अडकवलं, तर लाखाचे दीड लाख व्हायला वेळ लागत नाही. जुनी छोटी गाडी भरवशाची असते का, याचं उत्तर ती कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा तिची निगा कशी राखली गेली आणि तिचे कागद कुठे आहेत यावर जास्त अवलंबून आहे.

पंधरा वर्षांची रेघ

मोटार वाहन कायदा 1988 नुसार खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या तारखेपासून 15 वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी करून दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण होतं. म्हणजे पंधरा वर्षं झाली की गाडी आपोआप भंगारात जाते, हा समज चुकीचा आहे. 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी ही दिल्ली आणि परिसरापुरती आली. गुजरात किंवा महाराष्ट्रात तसा नियम नाही.

खर्च मात्र वाढला आहे. 15 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क आधी ₹600 होतं, ते 1 एप्रिल 2022 पासून ₹5,000 झालं. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी ते ₹10,000 करण्यात आलं. उशीर केला तर दर महिन्याला जादा शुल्क लागतं. महाराष्ट्रात 15 वर्षांवरच्या खाजगी गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचा अर्ज (फॉर्म 25) मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासून करता येतो.

इथे सुरत पासिंगच्या मारुती 800 बद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एप्रिल 2010 मध्ये देशातल्या 13 शहरांत बीएस-4 प्रदूषण मानक लागू झालं. त्यात सुरत होतं, मुंबई, पुणे आणि सोलापूरही होतं. मारुतीने या शहरांत 800 ची विक्री थांबवली. नंदुरबार, धुळ्यासारख्या ठिकाणी ती पुढेही मिळत राहिली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादनच बंद झालं. म्हणून सुरतच्या शोरूममधून निघालेली 800 आज सोळाव्या वर्षात किंवा त्याच्याही पुढे आहे. जीजे-05 क्रमांकाची 800 घेताना "आरसी किती तारखेपर्यंत आहे?" हा पहिला प्रश्न असावा. एमएच-39 ची 800 मात्र 2013 ची असू शकते आणि तिला अजून मुदत असू शकते.

कोणती गाडी, कोणतं इंजिन

जुन्या छोट्या गाड्यांत सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे टायमिंग बेल्ट विसरणं. इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका ठरावीक तालात हलवण्याचं काम हा रबरी पट्टा करतो. तो चालू गाडीत तुटला तर गाडी जागेवर बंद पडते आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात. मग हेड खोलल्याशिवाय पर्याय नसतो. काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती जास्त टिकते, पण तेल वेळेवर बदललं नाही तर तीही ढिली होऊन वाजायला लागते.

- मारुती 800, 796 सीसीची अल्टो : पट्टा. अल्टोचं हे इंजिन 2000 पासून 2023 पर्यंत चाललं, त्यामुळे सुटे भाग सहज मिळतात आणि गावच्या मेकॅनिकचाही हात बसलेला आहे.
- जुनी झेन, 2010 आधीची वॅगन आर : पट्टा.
- अल्टो के-10, 2010 नंतरची वॅगन आर, ए-स्टार : साखळी.
- जुनी सँट्रो, सँट्रो झिंग : पट्टा. 1998 ला आलेली ही गाडी 2014 च्या अखेरीस थांबली. 2018 ला त्याच नावाने आलेली गाडी वेगळी.
- आय-10 : 1.1 लिटरला पट्टा, 1.2 लिटर कप्पाला साखळी.

पट्टा कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरावं. गाडी घेतल्यावर गावाकडे नेण्याआधी पट्टा, टेन्शनर आणि त्याच वेळी वॉटर पंप तपासून घ्यावा. पट्टा काढताना पंप हाताशी येतो, त्यामुळे मजुरी एकदाच लागते. मीटरवरचे किलोमीटर कमी दिसले म्हणून खूश होऊ नये. रबर किलोमीटरने जसं झिजतं तसं वयानेही कडक होतं, आणि मीटर मागे फिरवलेलं असण्याची शक्यता असतेच.

दुकान बंद केलेल्या कंपन्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, त्याचं कारण समजून घ्यावं. शेवरोलेने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि गुजरातमधल्याच हालोलचा कारखाना बंद झाला. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि साणंदचा कारखाना जानेवारी 2023 मध्ये टाटांकडे गेला. डॅटसन 2022 ला थांबली. साणंदलाच तयार होणारी नॅनो 2018 ला बंद झाली. या गाड्या वाईट होत्या असं नाही. पण काच, दिवा, बंपर किंवा सेन्सर शोधत आठवडाभर फिरावं लागणार असेल, तर रोजच्या कामाला गाडी लागणाऱ्याने दोनदा विचार करावा. विसरवाडी किंवा साक्रीला गाडी बंद पडली तर कोणता भाग त्याच दिवशी मिळेल, ही साधी कसोटी.

खरी परीक्षा कोंडाईबारीला

सुरत ते धुळे हा प्रवास सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत गाडी बिनबोभाट पळते. धुळ्याकडे जाणाऱ्यांना विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. आखाजी एप्रिल-मेमध्ये येते, बाहेर चाळिशीचं ऊन, आत पाच माणसं, डिकीत सामान, वरून एसी चालू. शहरात तीस-चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचं सगळं दुखणं इथे बाहेर येतं.

छोट्या इंजिनाचा शत्रू उष्णता. खर्च वाचवायला रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं की आत क्षार बसतात, गंज चढतो आणि पाण्याच्या वाटा बंद होत जातात. काही गॅरेजवाले गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण इंजिन योग्य तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

घाटाआधी पाहायच्या गोष्टी अशा :

1. थंड इंजिनावरच रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटचा रंग पाहा. तांबडट पाणी म्हणजे गंज.
2. रेडिएटरचे पाइप दाबून पाहा. भेगा, फुगवटा किंवा लिबलिबीत स्पर्श असेल तर बदला.
3. गाडी उभी ठेवून इंजिन गरम होऊ द्या. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू झालाच पाहिजे.
4. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे यांतलं काही दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.
5. चावी फिरवल्यावर तेलाचा आणि इंजिनचा दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. अजिबात न लागणारा दिवा म्हणजे बल्ब काढून दोष लपवलेला असू शकतो.

घाटात काटा लाल रेषेकडे सरकला तर एसी बंद करून बाजूला थांबावं. झाकण लगेच उघडू नये, उकळतं पाणी अंगावर येतं. "थोडं राहिलंय, पोहोचून बघू" म्हणून दामटलेली गाडी पुढे टोचनवर न्यावी लागते, आणि तापून वाकलेल्या हेडचा खर्च नव्या रेडिएटरपेक्षा मोठा असतो. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची सवयही सोडावी. गिअरमध्ये उतरल्याने ब्रेकवर भार कमी येतो.

उभी गाडी जास्त बिघडते

कमी वापरलेली गाडी चांगली, हा आणखी एक गोड गैरसमज. कारखाना घरापासून दोन किलोमीटरवर, येणं-जाणं दुचाकीवर, आणि मोटार फक्त आखाजी, कानबाई आणि लग्नसराईला. अशा गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक चिकटतात, टायर एका बाजूने सपाट होतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नुसतं जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने हे साधत नाही.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबराला भेगा पडल्या असतील तर तो महामार्गावर नेऊ नये.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रश्नही इथेच येतो. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 आधीच्या गाड्या त्यासाठी खास बनवलेल्या नाहीत. जुन्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते आणखी त्रास देतं. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात, मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्के घटेल असा अंदाज दिला होता. 18 चं मायलेज देणारी गाडी 6 टक्के घटीने साधारण 17 वर येते. वर्षाला 10,000 किलोमीटर धरले तर सुमारे 35 लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे लिटरला ₹95 धरून ₹3,300 च्या वर. इंधनाचे रबरी पाइप आणि फिल्टर बदलणं त्यामानाने स्वस्त. पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम उद्यावर ढकलू नये, कारण तिथे आगीचा धोका असतो.

सीएनजी : बचत आहे, पण नोंद हवी

सुरतेत सीएनजी सहज मिळतो, म्हणून जुन्या गाड्यांना बाहेरून किट बसवलेलं असतं. किट आहे हे बघून भाव वाढवून देण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. आरसीवर सीएनजीची नोंद आहे का? विमा कंपनीला कळवलेलं आहे का? आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाब चाचणी झाली आहे का? नोंद नसलेल्या किटच्या गाडीला काही झालं तर विम्याचा दावा अडकू शकतो.

सिलिंडरचं वजन कायम मागे असल्याने मागची स्प्रिंग आणि शॉकअप लवकर बसतात. गॅसवर ओढ कमी मिळते, ते घाटात जाणवतं. गाडी पेट्रोलवर सुरू करून थोडी चालवावी, म्हणजे पेट्रोलची यंत्रणा कोरडी पडत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखावी

ऑगस्ट 2006 च्या तापीच्या पुरात सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. त्याआधीची सुरत पासिंगची गाडी समोर आली तर हा प्रश्न विचारायलाच हवा. नंतरच्या गाड्याही सुटलेल्या नाहीत. लिंबायत, पर्वत पाटिया भागात पावसाळ्यात खाडीचं पाणी रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये शिरतं.

धुऊन पुसून, नवं सीट कव्हर घालून उभी केलेली गाडी वरून कळत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, मातीची रेघ तिथे राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा कुबट वास, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ आणि हेडलाइटच्या आतली धूळमिश्रित ओल हे बाकीचे पुरावे. गाडी पाण्यात गेलीच तर स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अशा नुकसानीची भरपाई साध्या विम्यात सहसा मिळत नाही.

गंजाचा नियम वेगळा. दरवाजाच्या कडेचा गंज दुरुस्त होतो. पण रनिंग बोर्ड, जमिनीचा पत्रा, शॉकअप जिथे बसतो तो भाग किंवा चासी खाल्लेली असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी ती गाडी घेऊ नये.

सीमेपलीकडची गाडी, अर्धवट कागद

सुरतेत घेतलेली गाडी गावी ठेवायची, किंवा गावच्या नातेवाइकाची गाडी सुरतेत आणायची, हे सीमाभागात रोजचं. "एकाच घरातली आहे, नाव काय बदलायचं" असं म्हणून आरसी जुन्याच नावावर राहते. सगळ्यात मोठा धोका इथे आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की, गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. गाडी तीन-चार हात फिरली आणि अपघात झाला, तर नोटीस पहिल्या माणसाच्या दारात येते. त्यामुळे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी.

कागदांचा क्रम असा :

- त्याच राज्यात विक्री : फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा.
- दुसऱ्या राज्यात विक्री : मूळ आरटीओकडून फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र. विकणाऱ्याला 45 दिवसांची मुदत.
- कर्जाचा बोजा असेल तर : फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. आरसीवर बँकेचं नाव असताना पूर्ण पैसे मोजू नयेत.
- 12 महिन्यांचा नियम : एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो (फॉर्म 27) आणि तिथला करही भरावा लागतो. ये-जा करणाऱ्या गाडीला ही अडचण नाही.

गुजरातचा मोटार कर महाराष्ट्रापेक्षा कमी आहे, त्यामुळे नव्या गाड्या गुजरात पासिंगच्या घेण्याचा मोह असतो. जुन्या गाडीला नव्या राज्यात वयानुसार कमी झालेला कर लागतो, पण लागतो. भाव ठरवतानाच तो धरावा. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्यांबाबत जास्तच सावध राहावं. ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय इसार देऊ नये. एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकून आरसीची मुदत, विमा आणि प्रलंबित चलनं पाच मिनिटांत पाहता येतात.

पहिल्या वर्षाचा जमाखर्च

समजा, 16 वर्षांची 796 सीसी अल्टो ₹1 लाखाला घेतली. नूतनीकरण व्हायचं असेल तर ₹5,000. 1,000 सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा ₹2,094, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे ₹2,471, शिवाय मालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण. पीयूसी बीएस-3 पर्यंतच्या गाडीला सहा महिन्यांनी, बीएस-4 ला वर्षाने. त्यानंतर पट्टा, कूलंट, तेल, ब्रेक, टायर आणि बॅटरी. यातलं काय लागेल ते गाडीवर ठरतं, म्हणून खरेदी किमतीच्या चौथा हिस्सा रक्कम बाजूला ठेवूनच गाडी घ्यावी. लाखच हातात असतील तर ₹75,000 ते ₹80,000 ची गाडी पाहावी. सगळे पैसे खरेदीत घालून पहिल्याच बिघाडाला उधार मागायची वेळ येते, ती याच चुकीमुळे.

दुसऱ्या बाजूचा आकडाही पाहावा. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या गाडीला जुन्या हिशेबाने भाव मागितला जात असेल तर नव्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा. पंधरा वर्षांच्या गाडीचा मात्र एक फायदा आहे : तिची किंमत जेवढी उतरायची तेवढी उतरलेली असते.

टायर आणि बॅटरी सोडून वर्षभराची दुरुस्ती गाडीच्या विक्री किमतीच्या निम्म्यावर गेली, किंवा चासीला गंज लागला, की थांबावं. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर गाडी जाते, पण नाव नोंदीत तसंच राहतं.

एक मर्यादा, जी निगा राखून जात नाही

इंजिन, ब्रेक, टायर सगळं नवं करता येतं, गाडीचा सांगाडा नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या अल्टो 800, नॅनो, आय-10 यांसह पाच भारतीय गाड्यांची टक्कर चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै 2019 पासून. म्हणून जुनी छोटी गाडी कितीही ठणठणीत असली, तरी महामार्गावर ट्रकांच्या रांगेत तिचा वेग ऐंशीच्या आत असावा, मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावावा, लहान मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊ नये आणि रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा. गावी दोन तास उशिरा पोहोचलं तरी चालतं.